वर्डमध्ये मराठी मजकूर विचित्र दिसतोय? आधी गडबड कुठे बसलीय ते शोधा

दिवाळी अंकाचं काम सुरू झालं की महिनाभर माझ्याकडे एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडून येतं, "अगं मी काहीच केलं नाही, आपोआप असं झालं." कुणाच्या ओळी फाकलेल्या असतात, कुणाच्या मात्रा वरून कापलेल्या, कुणाचं एक पान मधेच कोरं, आणि कुणाचा अख्खा लेख उघडला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. आमच्या वाचनालयाचा अंक लहानच असतो, पण लेख पंचवीसेक जणांचे येतात, कुणी फोनवर टाइप करून व्हॉट्सॲपवर पाठवतं, कुणी गुगल डॉक्समधून, एक-दोन ज्येष्ठ मंडळी अजून श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये लिहितात, आणि हे सगळं एका वर्ड फाइलमध्ये एकत्र आलं की जे काय होतं ते निस्तरता निस्तरता मी जे शिकले ते इथे लिहितेय. हे सगळं विंडोजवरच्या वर्डबद्दल आहे, लिबर ऑफिस या वर्डसारख्याच फुकट सॉफ्टवेअरचं थोडं शेवटी सांगते.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करून घ्या, की आपोआप काही होत नाही, प्रत्येक विचित्र गोष्ट फाइलमध्ये कुठेतरी नोंदलेली असते. वर्डमध्ये अशा नोंदी ठेवायच्या मुख्य जागा तीनच. एक अक्षराची: फॉन्ट, साइज, बोल्ड, रंग. दुसरी परिच्छेदाची: ओळींमधलं अंतर, इंडेंट, जस्टिफाय, चौकट. तिसरी सेक्शनची, म्हणजे फाइलच्या एका भागातल्या पानांची: मार्जिन, कागद आडवा की उभा, हेडर-फुटर. आणि या तिन्हींच्या मागे स्टाइल असते, ती अक्षराला आणि परिच्छेदाला मूळ रूप देते. लोक चुकतात ते इथेच, की गडबड परिच्छेदात असते आणि ते अक्षरं सिलेक्ट करून करून फॉन्ट बदलत बसतात, तासभर जातो आणि फाइल आणखी बिघडते. म्हणून हात लावायच्या आधी दोन कामं करा, फाइलची एक कॉपी वेगळ्या नावाने सेव्ह करा, आणि कंट्रोल + शिफ्ट + ८ दाबा.

हे दाबल्यावर पानभर ठिपके, बाण आणि उलट्या पी सारखी चिन्हं उमटतात, बऱ्याच जणांना ते बघूनच घाबरायला होतं आणि ते लगेच बंद करतात, कृपया बंद करू नका, हाच तुमचा एक्सरे आहे. ठिपका म्हणजे स्पेस. उजवीकडे जाणारा बाण म्हणजे टॅब. उलटा पी म्हणजे परिच्छेद संपला, एंटर दाबलेला. खाली जाऊन डावीकडे वळलेला बाण म्हणजे शिफ्ट + एंटर, म्हणजे ओळ तोडलीय पण परिच्छेद तोच आहे. आणि डिग्रीच्या चिन्हासारखं छोटं वर्तुळ म्हणजे नॉन-ब्रेकिंग स्पेस, दिसायला स्पेस पण तिथे ओळ तुटत नाही. छापताना यातलं काही येत नाही, त्यामुळे काम संपेपर्यंत हे चालू ठेवूनच काम करा, मी तर कायम चालूच ठेवते.

त्या उलट्या पीचं महत्त्व नीट समजून घ्या. परिच्छेदाचं सगळं फॉरमॅटिंग त्या चिन्हात बसलेलं असतं. म्हणून दोन परिच्छेद जोडायला तुम्ही मधलं चिन्ह पुसता तेव्हा एकाचं फॉरमॅटिंग दुसऱ्याला चिकटतं, आणि कवितेची शेवटची ओळ अचानक मधोमध जाते किंवा हेडिंग एवढी मोठी होते. आणि कॉपी करताना ते चिन्ह सिलेक्शनमध्ये आलं तर त्याच्यासोबत फॉरमॅटिंगही येतं, नाही आलं तर परिच्छेदाचं बहुतेक येत नाही. एकाच मजकुराची कॉपी एकदा नीट आणि एकदा विचित्र पेस्ट होते त्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

आता दुसरं हत्यार, शिफ्ट + एफ१. उजवीकडे एक पट्टी उघडते, रिव्हील फॉरमॅटिंग नावाची, कर्सर जिथे असेल तिथल्या अक्षराचं, परिच्छेदाचं, सेक्शनचं सगळं त्यात लिहिलेलं असतं. खाली डिस्टिंग्विश स्टाइल सोर्स असा चौकोन आहे त्याला टिक केलंत तर कुठली गोष्ट स्टाइलमधून आलीय आणि कुठली वरून हाताने लावलीय तेही कळतं. पण खरं सोनं आहे वरचा कंपेअर टु अनदर सिलेक्शन हा चौकोन. समजा एक परिच्छेद नीट दिसतोय आणि त्याखालचा दिसत नाहीये, आणि फरक तुमच्या डोळ्यांना सापडत नाहीये, तर नीट असलेल्यातले दोन-चार शब्द सिलेक्ट करा, चौकोनाला टिक करा, मग बिघडलेल्यातले सिलेक्ट करा, पट्टीत फक्त फरक येतो. अंदाजाने बटणं दाबण्यापेक्षा हे दहा सेकंद जास्त कामाचे.

फरक कळला की पुसायला दोन शॉर्टकट लक्षात ठेवा. कंट्रोल + स्पेसबार अक्षरांवर हाताने लावलेलं सगळं काढतो, कंट्रोल + क्यू परिच्छेदावर हाताने लावलेलं काढतो, दोन्ही वेळा मजकूर आपल्या स्टाइलच्या मूळ रूपावर येतो. वेबसाइटवरून आणलेल्या मजकुरामागे राखाडी पट्टा राहतो ना, हायलाइट काढायला गेलं तर जात नाही, कारण तो हायलाइट नसतोच, शेडिंग असतं, अक्षराचं असेल तर पहिल्याने जाईल, परिच्छेदाचं असेल तर दुसऱ्याने. तीन हायफन टाकून एंटर मारल्यावर पानभर आडवी रेघ येते आणि ती कशानेच सिलेक्ट होत नाही, ती पण रेघ नाही, वरच्या परिच्छेदाची खालची बॉर्डर आहे, त्या परिच्छेदात कर्सर ठेवून कंट्रोल + क्यू, गेली. फक्त एक मोठा इशारा, मजकूर श्रीलिपी, क्रुतीदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये असेल तर कंट्रोल + स्पेसबार अजिबात मारू नका, का ते खाली सांगते.

मराठीचा दुसरा कप्पा

इंग्रजीत काम करणाऱ्यांना जी अडचण कधी येत नाही आणि आपल्याला रोज येते ती ही. वर्डसाठी एकाच मजकुराला फॉन्टचे वेगवेगळे कप्पे असतात, एक रोमन लिपीसाठी आणि एक कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसाठी, आणि देवनागरी या दुसऱ्या कप्प्यात येते. फॉन्टचं नाव, साइज, बोल्ड, इटॅलिक, सगळं दोन्हीकडे वेगळं साठवलेलं असतं. म्हणून असं होतं की तुम्ही स्टाइल मॉडिफाय करून साइज १४ केलात, इंग्रजी शब्द आणि आकडे मोठे झाले आणि मराठी आहे तेवढीच राहिली. किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या फाइलमध्ये बोल्डचं बटण दाबलेलं दिसतंय पण मराठी शब्द काही बोल्ड नाही.

उपाय: मजकूर सिलेक्ट करा, कंट्रोल + डी दाबून फॉन्टची खिडकी उघडा, तिथे लॅटिन टेक्स्ट (म्हणजे रोमन लिपी) आणि कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स असे दोन भाग दिसले पाहिजेत, मराठीची साइज, फॉन्ट, बोल्ड दुसऱ्या भागात भरा. दुसरा भाग दिसतच नसेल तर ऑफिसला तुम्ही मराठी वापरता हे सांगितलेलं नाहीये, फाइल, ऑप्शन्स, लँग्वेज मध्ये जाऊन एडिटिंगच्या भाषांमध्ये मराठी ॲड करा, वर्ड बंद करून परत उघडा. स्टाइल मॉडिफायच्या खिडकीत पण फॉन्ट-साइजच्या रांगेजवळ एक छोटी यादी असते, त्यात लॅटिन की कॉम्प्लेक्स ते निवडता येतं, किंवा सरळ खालच्या फॉरमॅट बटणातून फॉन्ट उघडा, तिथे दोन्ही भाग एकत्र दिसतात, मला ते बरं पडतं.

याच दोन कप्प्यांमुळे आणखी एक गोष्ट होते जी फार लोकांच्या लक्षात येत नाही पण छापल्यावर खटकते. मराठी परिच्छेदातला पूर्णविराम, स्वल्पविराम, कंस, इंग्रजी आकडे हे सगळं वर्ड रोमन कप्प्यातून घेतो, म्हणजे अक्षरं मंगलमध्ये आणि कंस कॅलिब्रीमध्ये. कंस बारीक दिसतात, पूर्णविराम वेगळ्या वजनाचा वाटतो. दोन्ही कप्प्यांत एकच फॉन्ट भरा, असा की ज्यात देवनागरी आणि रोमन दोन्ही आहेत, निर्मला यूआय चालतो, मुक्ता चालतो. मी अंकासाठी टिरो देवनागरी मराठी वापरते, गुगल फॉन्ट्सवर फुकट आहे, आणि त्यात ल आणि श मुळातच मराठी वळणाचे आहेत, हिंदी वळणाचे नाहीत, मला ते फार महत्त्वाचं वाटतं, आपल्या पोरांनी आपला ल वाचावा. फक्त त्यात वेगळा बोल्ड येत नाही, वर्ड ओढूनताणून जाड करतं ते चांगलं दिसत नाही, म्हणून शीर्षकांना मी मुक्ताचा बोल्ड लावते.

आकडे अचानक बदलतात त्याचंही सांगते. टाइप केलं इंग्रजी १२ आणि दिसतंय देवनागरी, किंवा उलट, किंवा एका मशिनवर एक आणि दुसऱ्यावर दुसरं. फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, त्यात शो डॉक्युमेंट कंटेंटच्या भागात न्यूमरल म्हणून एक यादी आहे. तिथे कॉन्टेक्स्ट किंवा सिस्टिम असेल तर आकडा कसा दिसणार ते आजूबाजूच्या मजकुरावर नाहीतर विंडोजच्या सेटिंगवर ठरतं. तिथे ॲरेबिक निवडा. नावावर जाऊ नका, इंग्रजी आकड्यांनाच तिथे ॲरेबिक म्हटलंय. आणि अंकात देवनागरी आकडे हवे असतील तर ते मराठी कीबोर्डने खरे देवनागरीच टाइप करा, दिसण्याच्या सेटिंगवर विसंबू नका, कारण प्रेसच्या मशिनवर ते सेटिंग नसणार.

ओळी फाकल्या, मात्रा कापल्या

माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी ओळीच्या उंचीच्या असतात. मंगल फॉन्टच्या ओळीची उंची मुळातच जास्त आहे, कोकिळा आणि अपराजिता त्याच साइजला बरेच बारीक दिसतात, आणि एकाच परिच्छेदात दोन फॉन्ट मिसळले, एखादा शब्द फोनवरून कॉपी करून आणलेला असला, की तेवढीच ओळ वरखाली सरकते. परिच्छेद सिलेक्ट करून फॉन्टच्या खोक्यात बघा, खोकं रिकामं दिसलं तर आत एकापेक्षा जास्त फॉन्ट आहेत.

काही जण यावर उपाय म्हणून लाइन स्पेसिंग एक्झॅक्टली करतात आणि त्यात १२ नाहीतर १४ भरतात, कारण इंग्रजीत तेवढं पुरतं. मराठीत पुरत नाही. आपल्याला वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार, जोडाक्षर, मग "र्कीं" सारखं काही आलं की वरचा भाग छाटलेला दिसतो. एक्झॅक्टली वापरायचंच असेल तर १२ च्या अक्षराला मी १८ पासून सुरू करते आणि सगळ्यात उंच आणि सगळ्यात खोल अक्षर एका ओळीखाली एक ठेवून बघते, नाहीतर सरळ मल्टिपल ठेवा आणि आकडा कमी-जास्त करा. आणि हो, परिच्छेदात फोटो टाकला आणि त्याची नुसती एक चिंधी दिसतेय, बाकीचा फोटो गायब, तर तेही याच एक्झॅक्टलीमुळे, ज्या परिच्छेदात फोटो आहे त्याचं स्पेसिंग सिंगल करा, फोटो पूर्ण दिसेल.

जस्टिफाय केल्यावर शेवटच्या ओळीतले तीन शब्द पानभर ताणले गेले असतील तर चिन्हं बघा, तिथे वळलेला बाण असणार, शिफ्ट + एंटर. वर्डला वाटतं परिच्छेद अजून चालू आहे म्हणून ती ओळ पण दोन्ही बाजूंना नेऊन भिडवतं. व्हॉट्सॲप आणि वेबवरून आलेल्या मजकुरात हे हमखास असतं. कंट्रोल + एच उघडा, मोअर, मग स्पेशल, त्यातून फाइंडमध्ये मॅन्युअल लाइन ब्रेक आणि रिप्लेसमध्ये पॅराग्राफ मार्क घ्या. पण कवितेवर हे सरसकट चालवू नका, तिथे कडव्यातल्या ओळी शिफ्ट + एंटरनेच तोडलेल्या बऱ्या, नाहीतर प्रत्येक ओळीनंतर परिच्छेदाचं अंतर पडेल. कविता जस्टिफाय न करता डावीकडे ठेवायची, प्रश्नच येत नाही. तसंच शब्दांमध्ये विचित्र अंतर आणि ओळ भलत्याच जागी तुटतेय, तर ते छोटं वर्तुळ शोधा, स्पेशलमधून नॉन-ब्रेकिंग स्पेस घेऊन साध्या स्पेसने बदला.

मजकूर इंग्रजी अक्षरांत का दिसतो

श्रीलिपी, क्रुतीदेव, शिवाजी हे जुने फॉन्ट ज्या काळात आले तेव्हा संगणकात देवनागरीला स्वतःचे कोड मिळालेले नव्हते निदान साध्या वापरात तरी नव्हते, म्हणून इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी तुकड्यांची चित्रं बसवली गेली. म्हणजे फाइलमध्ये खरं इंग्रजी अक्षरच आहे, त्यावर मराठी मुखवटा आहे. फॉन्ट काढला की मुखवटा उतरतो, आणि कंट्रोल + स्पेसबार फॉन्ट काढतो, म्हणून वर नको म्हटलं. चुकून मारलंच तर लगेच कंट्रोल + झेड.

मजकूर कुठल्या प्रकारचा आहे ओळखायची खात्रीची युक्ती म्हणजे तो नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी दिसली तर युनिकोड, म्हणजे देवनागरीच्या स्वतःच्या कोडमध्ये साठवलेला मजकूर, इंग्रजीचा चिवडा दिसला तर जुना फॉन्ट. जुना असेल तर आणखी एक त्रास, वर्डचं ऑटोकरेक्ट त्याला इंग्रजी समजतं, वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करतं, साधी अवतरणचिन्हं गोल करतं, आणि जुन्या फॉन्टमध्ये कॅपिटल म्हणजे वेगळंच अक्षर, त्यामुळे परिच्छेदाच्या सुरुवातीचे शब्द आपोआप चुकीचे होत राहतात आणि टाइप करणारा बिचारा स्वतःला दोष देतो. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्समध्ये जाऊन हे दोन्ही बंद करा.

पण खरं सांगायचं तर अशा मजकुराचा कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या, आणि नंतर डोळ्याखालून घाला, हे माझं कळकळीचं म्हणणं आहे. युनिकोड मजकूर उद्या फोनवर वाचता येतो, शोधता येतो, दहा वर्षांनी उघडला तरी उघडतो. कन्व्हर्ट केल्यावर तपासायची पहिली जागा म्हणजे पहिली वेलांटी, कारण क्रुतीदेवमध्ये ती अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये नंतर, कन्व्हर्टर चुकला तर वेलांटी शेजारच्या अक्षरावर बसते नाहीतर ठिपक्यांच्या गोलावर एकटीच लोंबकळते. तो ठिपक्यांचा गोल कुठेही दिसला तर अर्थ एकच, मात्रेला धरायला अक्षर नाहीये, मधे स्पेस आलीय नाहीतर मात्रा दोनदा पडलीय. दुसरी जागा रफार. तिसरी ॲ, हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ आवृत्तीत आलं, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नसतं, तिथे चौकोन दिसतो किंवा वर्ड दुसऱ्या फॉन्टमधून उसना आणतं आणि "ॲप" मधला ॲ शेजारच्या अक्षरापेक्षा वेगळा दिसतो. फॉन्ट नवा घ्या, अक्षर बदलू नका.

दऱ्या आणि दर्या

ही गोष्ट फॉरमॅटिंगची वाटते पण अर्थ बदलते, म्हणून जास्त वेळ देऊन सांगतेय. दोन वर्षांपूर्वी सह्याद्रीतल्या भटकंतीवरचा एक सुंदर लेख आला, लेखिकेने "दऱ्याखोऱ्या" लिहिलं होतं आणि आमच्या फाइलमध्ये येईपर्यंत ते "दर्याखोर्या" झालेलं. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, दर्या म्हणजे समुद्र. त्यांनी नीट लिहिलं होतं, मी फाइल उघडून बघितली होती.

झालं काय, की हा आडवा छोटा र, ज्याला चंद्रकोरीसारखा किंवा पापणीसारखा र म्हणतात, तो दोन पद्धतीने साठवता येतो. एक, साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह, झीरो विड्थ जॉइनर, कोड २००डी. दोन, खाली नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त. पहिल्या पद्धतीत ते न दिसणारं चिन्ह एखाद्या ॲपने किंवा वेबसाइटने कॉपी-पेस्टच्या वाटेत गाळून टाकलं की उरतो साधा र आणि हलन्त, आणि त्याचा रफार होतो. दुसऱ्या पद्धतीत गाळण्यासारखं काही नसतं, म्हणून मी आमच्या सगळ्यांना सांगते ऱ वापरा, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट + जे.

बिघडलेलं दुरुस्त करताना "र्य" सरसकट "ऱ्य" ने बदलायचं नाही हां, सूर्य, कार्य, मर्यादा, आचार्य सगळ्यांची वाट लागेल. पण काही तुकडे असे आहेत की ते बिनधास्त बदलता येतात. "णार्या" हा शुद्ध मराठीत जवळजवळ कधीच येत नाही, तो "णाऱ्या" च असतो, करणाऱ्या, जाणाऱ्या, येणाऱ्यांना, एका फटक्यात शेकडो चुका जातात. मग "दुसर्या", "तिसर्या", "बर्याच", "सार्या", "वर्हाड", "कर्हाड", "तर्हा", "गर्हाण" एकेक करून. बाकीचे फाइंड नेक्स्ट करत डोळ्यांनी. तासभर लागतो साठ पानांना, पण लेखकाचा शब्द त्याला परत मिळतो.

कधीकधी उलटंही होतं, दोन शब्द दिसायला अगदी सारखे आहेत आणि शोधताना एक सापडतो दुसरा सापडत नाही, ते याच दोन पद्धतींमुळे. शंका आली तर अक्षराच्या लगेच नंतर कर्सर ठेवून ऑल्ट + एक्स दाबा, वर्ड त्या अक्षराचा कोड दाखवतं, परत दाबलं की अक्षर परत येतं. ऱ चा कोड ०९३१, साध्या र चा ०९३०.

कोरी पानं आणि दुसऱ्या मशिनवर बदललेली पानं

पानाच्या मधे मोठी मोकळी जागा दिसते आणि एंटर पुसून जात नाही, तर चिन्हं चालू ठेवून परिच्छेदाच्या डावीकडे छोटा काळा चौकोन आहे का बघा. तो असला तर पॅराग्राफच्या खिडकीत लाइन अँड पेज ब्रेक्समध्ये कीप विथ नेक्स्ट, कीप लाइन्स टुगेदर किंवा पेज ब्रेक बिफोर यापैकी काहीतरी चालू असतं. हेडिंगला कीप विथ नेक्स्ट हवंच, पण चुकून पानभर मजकुराला हेडिंगची स्टाइल लागली असेल तर सगळा गठ्ठा एकत्र पुढच्या पानावर उडी मारतो. शेवटी टेबल आहे आणि त्यानंतर एक कोरं पान, तर त्या पानावर एक उलटा पी आहे जो पुसला जात नाही, टेबलनंतर परिच्छेद असावाच लागतो वर्डला, त्याची साइज १ करा आणि आधी-नंतरचं स्पेसिंग शून्य, पान जाईल.

एका शीर्षकाला रंग दिला आणि सगळ्या अंकातली शीर्षकं त्या रंगाची झाली, हे मी एकीचं बघितलंय आणि ती अक्षरशः रडकुंडीला आली होती. स्टाइल मॉडिफायमध्ये ऑटोमॅटिकली अपडेट हा चौकोन टिक झालेला असतो, तो काढा, मग तो बदल त्या एकाच जागी राहील. आणि सेक्शन ब्रेक पुसताना जपून, वरच्या भागाची मार्जिन-हेडर त्या ब्रेकमध्येच असतात, तो पुसला की वरचा भाग खालच्यासारखा होतो, अख्खा लेख आडव्या कागदावर गेलेला मी पाहिलाय.

घरी ६४ पानं आणि दुसऱ्याकडे ६९, याचं कारण बहुतेक फॉन्ट. मंगल विंडोज १० पासून सगळ्या मशिनवर आधीच असेलच असं नाही, तो देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स नावाच्या ऑप्शनल फीचरमध्ये गेलाय, सेटिंग्जमध्ये शोधून टाकता येतो. फॉन्ट नसला तरी वर्ड खोक्यात नाव मंगलच दाखवतं आणि छापायला दुसराच वापरतं, त्यामुळे फसायला होतं. फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्डमध्ये फॉन्ट सब्स्टिट्यूशन बटण आहे, कुठल्या फॉन्टच्या जागी काय वापरलंय ते तिथे कळतं. प्रेसला फाइल देताना सेव्हच्या ऑप्शन्समध्ये एम्बेड फॉन्ट्स (फॉन्ट फाइलमध्येच बसवणं) चालू करा, आणि सोबत पीडीएफ द्याच.

लिबर ऑफिस वापरत असाल तर बरंचसं हेच आहे, चिन्हांसाठी कंट्रोल + एफ१०, हाताने लावलेलं फॉरमॅटिंग पुसायला कंट्रोल + एम, आणि ७.१ पासून स्टाइल इन्स्पेक्टर आहे जो वर्डच्या त्या पट्टीसारखं काम करतो. कॅरेक्टरच्या खिडकीत कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटचा वेगळा भाग तिथे पण आहे, दिसत नसेल तर टूल्स, ऑप्शन्समध्ये भाषांच्या सेटिंगमधून चालू करा. त्यात मजकुराची भाषा मराठी ठेवलीत तर ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात ल, श आपसूक मराठी वळणाचे येतात, हे मला त्याचं फार आवडतं.

आणि सगळं करूनही फाइल वेड्यासारखी वागत असेल, उघडायला वेळ लागतोय, नंबर उड्या मारतायत, सेव्ह केलेलं टिकत नाहीये, तर शेवटचा उपाय. फाइलच्या सगळ्यात शेवटी जा, एक एंटर मारा, मग तो शेवटचा उलटा पी सोडून बाकी सगळं सिलेक्ट करा, कॉपी करा आणि नव्या कोऱ्या फाइलमध्ये पेस्ट करा. त्या शेवटच्या चिन्हात शेवटच्या सेक्शनची सगळी माहिती असते आणि बिघाड पुष्कळदा तिथेच घर करून बसलेला असतो, तो मागे राहतो. मधे सेक्शन ब्रेक असतील तर एकेक भाग असाच ब्रेक सोडून आणा, आणि मार्जिन, हेडर नव्या फाइलमध्ये परत लावून घ्या.